दळण उजवीकडं, पीठ डावीकडं

बायको गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारायचा, काय झालं होतं. काय झालं होतं ते डॉक्टरला माहीत. म्हातारं माणूस, आजारी पडलं, गेलं. आमच्यातल्या रिवाजानं बसवून माती दिली. मला त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. मला विचारायचं आहे ते वेगळंच, आणि जिला विचारायचं तीच राहिली नाही.

लातूर नवीन जिल्हा झाला, त्याच्या मागोमाग दुष्काळ पडला. त्या दिवसांत ही बाई आमच्या पिठाच्या गिरणीत बसून हिशोबाची जाडजूड पुस्तकं वाचायची. शिकवायला कुणी नाही. गावात क्लास नाही. पास झाली तरी पुढं कामाला कोण घेईल, त्याचा पत्ता नाही. तरी रोज बसायची. कशाच्या जिवावर? एवढंच मला विचारायचं आहे. तेव्हा विचारलं होतं, नाही असं नाही. तिनं सांगितलंही होतं. पण ते मला पुरलं नाही, अजून पुरत नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. लिहायचा सराव म्हणजे दळणाच्या डब्यावर खडूनं नाव टाकायचं, तेवढाच. तेव्हा मागचं पुढं होईल. होऊ द्या.

ती उदगीरची. बाप तिथल्या धान्याच्या मोंढ्यात आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा आणि वर आपली आडत घ्यायची. दुकानात लाल कापडाच्या लांबट वह्या. पाडव्याला नव्या वहीवर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि मगच पहिली ओळ लिहायची. बापाची नजर अधू झाली तशा त्या वह्या हीच लिहायला लागली. कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. झाली, पण हात बसला तो बापाच्या वहीवर. बाप वारला आणि मामांनी लग्नाची घाई केली. गिरणीवाला उपाशी मरत नाही, एवढं बघून मला दिली.

बघायला गेलो तेव्हा माझ्या आईनं तिला विचारलं, स्वयंपाक येतो का. ती म्हणाली, येतो. मग मामांनी मला दोन-चार गोष्टी विचारल्या, मोटर केवढी, जागा कुणाच्या नावावर. सगळं झालं असं वाटलं तेवढ्यात हिनं मान वर केली आणि सरळ मला विचारलं, "एकाचं दळण संपून दुसऱ्याचं सुरू होतं, तेव्हा दगडात राहिलेलं पीठ कुणाचं?"

मामांना ठसका लागला. मी लहानपणापासून गिरणीत, पण हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मागच्याचं थोडं पुढच्याला जातं. त्याचं त्याच्या पुढच्याला."

"आणि सकाळी पहिला येतो त्याला?"

"त्याच्या आधी मी घरची मूठभर ज्वारी टाकतो. दगडाचं पोट भरायला."

तिनं मान हलवली. कुणी कुणाला पसंत केलं, हे मला अजून सांगता येत नाही.

जिल्हा झाला म्हणजे आमच्या गल्लीत काय झालं, तर खोल्यांना भाडं आलं. नवीन कचेऱ्या उघडल्या, त्यांत कुठून कुठून बदली होऊन माणसं आली, आणि खोली आहे का म्हणून दारोदार विचारायला लागली. दुष्काळानं दळण कमी झालेलं. शेतातली ज्वारी घरातच नाही तर गिरणीत कुठून येणार? म्हणून आम्ही पुढची खोली कलेक्टर कचेरीतल्या एका कारकुनाला दिली. नांदेडहून बदलून आलेला, नवरा-बायको दोघंच. मागच्या खोलीत आई, चूल, देव आणि आम्ही. हिला बसायला जागा उरली नाही. ती गिरणीत येऊन बसायला लागली.

भाडेकरूकडं पेपर यायचा. तो वाचून झाला की हिच्याकडं. त्यातच तिनं त्या परीक्षेचं वाचलं. मला म्हणाली, मी सीए करू का? मी म्हटलं, ते काय असतं? तिनं सांगितलं ते मला कळलं ते असं. आधी प्रवेशाची एक परीक्षा. पुस्तकं पोस्टानं येतात, घरी बसून वाचायची आणि औरंगाबादला जाऊन पेपर लिहायचे. ती पास झालं की एखाद्या सीएच्या हाताखाली तीन वर्षं काम करायचं, त्याला आर्टिकल म्हणतात. तो कामातूनच शिकवतो. त्याच्याकडं नाव लागल्याशिवाय पुढच्या परीक्षेला बसता येत नाही. मी म्हटलं, कर. मला वाटलं बी.ए.सारखंच असेल, वाचायचं आणि लिहून यायचं.

पुस्तकं आली ती टपालवाल्यानं सायकलवरून उतरवताना शिवी दिली एवढी जड.

गिरणीत तिची जागा ठरलेली. दाराजवळच्या कोपऱ्यात पोत्यांची घडी, तिच्यावर ती, मांडीवर पत्र्याचा डबा पालथा, त्यावर पुस्तक. पानं पिठानं पांढरी व्हायची, ती फुंकायची आणि उलटायची. लोकांना वाटायचं एवढ्या आवाजात हिला कसं वाचता येतं. उलटंच होतं. पट्टा फिरत असला की ती पुस्तकात. लाईट गेली, पट्टा लटपटत थांबला, की मान वर. शांततेत तिला वाचायला सुचायचं नाही.

त्या दिवसांत लाईट लई जायची. जायची तेवढा वेळ आमचं बोलणं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण खरं बोलणं त्या लाईट जाण्यात झालं.

मला वाटायचं हिशोब म्हणजे बेरीज. ती म्हणाली, बेरीज शेवटी. आधी प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी लिहायची, कुठून आली आणि कुठं गेली. मी म्हटलं, एक पायली ज्वारी दोनदा लिहिली तर दोन पायल्या होतील की. तिनं समोरचा डबा दाखवला. ही ज्वारी तिच्या घरातून गेली आणि आपल्या गिरणीत आली, दोन्ही खरं आहे का नाही? मी म्हटलं, खरं आहे. मग दोन्ही लिहायचं. मी दिवसभर त्यावर विचार केला. एकच गोष्ट जाणं पण असते आणि येणं पण असते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

एकदा तिनं घसारा सांगितला. यंत्र वापरलं की झिजतं, म्हणून दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरायची. हे मला लगेच पटलं, दगडाचंच होतं ते. पण दगडाला टाकी लावायची असते. बोथट झाला की उतरवून छिन्नीनं खरवडायचा. म्हणून मी विचारलं, टाकी लावली की दगड पातळ होतो, पण पीठ बारीक येतं. मग ती टाकी फायद्यात लिहायची का नुकसानीत? तिनं पुस्तक चाळलं. मग माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, थांबा, ह्याचा विचार करावा लागेल. तेवढ्यात लाईट आली आणि पट्टा सुरू झाला.

आणि त्याच दिवसांत मी विचारलं होतं ते. "समज पास झालीस आणि कुणी हाताखाली घेतलंच न्हाई, तर?"

"तर कळलेलं तरी राहील," ती म्हणाली.

मी पुढं काही विचारलं नाही. टँकर आला म्हणून बाहेर ओरडा झाला आणि ती घागर घेऊन पळाली. टँकरच्या रांगेतही तिचे ओठ हलताना दिसायचे. आईला वाटायचं सून जप करते. खरं कळलं तेव्हा आई म्हणाली, "सगळं गाव पीठ नेतंय, अन् ही निस्ती पुस्तक दळून राहिली." हे आईनं दळणाला आलेल्या प्रत्येकीला ऐकवलं. पण सुनेच्या वाटची घागर मात्र बऱ्याचदा आईच आणायची.

पहिल्या परीक्षेला मीच औरंगाबादला घेऊन गेलो. हिशोबाचा पेपर सुटला आणि ती फाटकातून बाहेर आली ती उजवा हात डाव्या हातानं धरून. मला वाटलं, लागलं का काय. म्हणाली, "हात बाबांचा आला."

गोष्ट अशी होती. तिच्या बापाच्या वहीत पानाच्या डाव्या अंगाला जमा आणि उजव्या अंगाला नावे. कुणी माल आणून दिला, तो त्याच्या खात्यावर डावीकडं. त्यानं काही नेलं, ते उजवीकडं. आपल्याकडच्या जुन्या वह्या सगळ्या अशाच. परीक्षेच्या पुस्तकात नेमकं उलटं. नेलं ते डावीकडं, दिलं ते उजवीकडं. आकडे तेच, बेरीज तीच, बाजू तेवढी उलटी. घरी ती सावध राहून बरोबर लिहायची. पण पेपरात घाई झाली. पहिला प्रश्न पुस्तकासारखा लिहिला, आणि दुसऱ्या प्रश्नापासून हात जाऊन बसला उदगीरच्या दुकानात. सगळी खाती उलट्या अंगानं. शेवटची घंटा झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

निकाल लागला तो तिला आधीच माहीत होता. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसांना कळत नाही का, बाजूच तर चुकली, हिशोब तर बरोबर आहे. ती म्हणाली, गव्हाच्या डब्यात ज्वारीचं पीठ भरून दिलं तर गिऱ्हाईक घेईल का?

मग ती काही दिवस पुस्तक न उघडता नुसतीच कोपऱ्यात बसायची. मला वाटलं, संपलं हे. तर एक दिवस लाईट गेली आणि ती डब्यांकडं बघत म्हणाली, "माझ्या डोळ्यांपुढं रोज चुकीचं पान उघडं आहे."

मला काही कळलं नाही. मग तिनं दाखवलं. गिरणीत शिरलं की डाव्या हाताला दळायचे डबे, आणि उजव्या हाताला दळून झालेलं पीठ. आमच्या बापानं गिरणी टाकली तेव्हापासूनची रीत. आलेलं डावीकडं, न्यायचं उजवीकडं. म्हणजे बापाची वहीच. दिवसभर ती समोर बघत पुस्तक वाचायची.

"अहो, डबे फिरवता का?" ती म्हणाली. "बाईनं दळण आणलं, ते तिचं जमा. ते उजवीकडं ठेवा. पीठ नेणार, ते तिच्या नावे. ते डावीकडं."

गिरणीवाल्याला हे सांगणं म्हणजे बैलजोडीतला डावा बैल उजवीकडं जुंपायला सांगणं. देवणीच्या बाजारात कुणाला तसं सांगून बघा. पण मला बघायचं होतं, डब्यानं माणसाचा हात वळतो का. मी फिरवले.

पुढं जे झालं त्याला आई गिरणीचं ग्रहण म्हणायची. बाया सवयीनं उजवीकडचा डबा उचलायच्या आणि घरी जायच्या. भाडेकरणीनं असाच नेला. परात मांडली, पाणी गरम केलं, झाकण काढलं तर आत ज्वारी. डबा कमरेवर घेऊन परत आली आणि म्हणाली, "भाऊजी, हिच्या भाकरी थापायच्या का पेरायची?" एका म्हातारीनं तर मला समोर उभं करून विचारलं, कुण्या महाराजानं सांगितलं का रे? दुष्काळ हटायला? मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. आठ दिवसांनी पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यानंही डबे फिरवले. त्याला वाटलं, मला काहीतरी कळलंय आणि मी सांगत नाही.

मीही चुकायचो. एकदा पिठाचाच डबा उचलून परत दगडात ओतला. ते पीठ असं निघालं की ती बाई दुसऱ्या दिवशी म्हणाली, काल दळण फार छान झालं, तसंच द्या.

ती मात्र कोपऱ्यातून प्रत्येक डब्याकडं बघून पुटपुटायची. आलं, जमा, उजवीकडं. गेलं, नावे, डावीकडं. हळूहळू पुटपुटणं थांबलं. दुसऱ्या खेपेच्या परीक्षेला जाताना बसमध्ये ती झोपली. मला वाटलं, झोपली म्हणजे जमलं.

पास झाली.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. हाताखाली घेणारा पाहिजे. लातुरात तेव्हा मोजकेच सीए. पहिल्याकडं गेलो, त्यांनी हिच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, भाऊ, बाईमाणसाला ऑडिटला एसटीनं गावोगाव पाठवायचं, कारखान्यावर मुक्काम, कोण जबाबदारी घेईल? दुसरे बरे होते. पाणी पाजलं, दुष्काळात पाणी पाजलं हे विसरत नाही. पण म्हणाले, मोंढा ओस पडलाय, आडत्यांच्याच वह्या कोऱ्या, मला आहेत त्या पोरांना काम पुरत नाही. दोघांचंही खोटं नव्हतं. पण घरी येताना ती रस्त्याच्या कडेनं माझ्यापेक्षा दहा पावलं पुढं चालली. तशी ती कधी चालायची नाही.

पुढच्या परीक्षेचीही पुस्तकं तिनं मागवलेली होती. ती वाचत राहिली. नाव कुठं लागलेलं नाही, परीक्षेला बसता येत नाही, आणि ही वाचते. माझा प्रश्न खरा इथला आहे. तोपर्यंतचं मी समजू शकतो. परीक्षा समोर दिसत होती तोवर ठीक. समोर काहीच दिसत नसताना ही पान कशी उलटत होती? मी गिरणी चालू ठेवून तिच्याकडं बघत बसायचो. तिचा चेहरा कष्टी नसायचा. पोथीतली गोष्ट पुढं काय होते बघायला माणूस वाचतो, तसा असायचा.

शेवटी भाडेकरूनंच सांगितलं. नांदेडला एक म्हातारे साहेब आहेत, वजिराबादकडं. माणूस तिरसट आहे, पण ऐकून घेतो. जाऊन तर बघा.

आम्ही पहाटेची एसटी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा. दोन्ही बाजूंनी रान भाजलेल्या पापडासारखं. गाडीत एका माणसानं मांडीवर पाण्याचा कॅन धरला होता, लेकीच्या घरी नेत होता. बाकी लोक गोड बोलून त्याच्याकडं घोटभर मागत होते आणि तो झोपेचं सोंग घेऊन होता. घेतलं तर कुठं राहायचं, कसं करायचं, यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. घेणाराच नाही तर राहायचं काय बोलायचं.

साहेबांची कचेरी वरच्या मजल्यावर, खाली कापडाचं दुकान. साहेब टोपीवाले, बारीक, आणि बोलणं अर्धं हैदराबादी. त्यांनी हिचे कागद बघितले. मग चष्म्यावरून हिच्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही, हिच्याकडं. तेवढ्यावर मला माणूस आवडला.

"बेटी, पहिल्या खेपेला नापास कशानं झालीस?"

मला वाटलं, ही काहीतरी सांगेल, आजारी होते वगैरे. तिनं खरं सांगितलं. "वडिलांच्या वहीत जमा डावीकडं असायचं. पेपरात हात तिकडंच गेला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या वडिलांची वही डावीकडून उघडायची तरी. माझी शाळा निजामाच्या वख्ताची, सगळी उर्दूत. मला पुस्तक उलट्या अंगानं उघडायची आदत. पहिल्या परीक्षेत मी उत्तरं मागच्या पानापासून लिहीत आलो. तपासणाऱ्यानं पुढची कोरी पानं बघितली असतील आणि म्हटलं असेल, पोरगं नुसतं बसून गेलं." आणि ते एकटेच हसले. हिनं पदर तोंडाला लावला. मला ते हसायचं आहे का नाही ते कळेना.

मग त्यांनी विचारलं, ती आदत मोडली कशी. हिनं डब्यांचं सांगितलं. साहेब तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं वळले. डबे तुम्ही फिरवले? मी म्हटलं, हाव. गिऱ्हाईक ओरडलं असेल. मी म्हटलं, ओरडलं की.

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, जागा आहे. पण तीन वर्षं रोज यावं लागेल, लातूरहून येऊन-जाऊन होणार नाही. बँकांच्या, कारखान्यांच्या ऑडिटला जावं लागेल. मागच्या दोघांनी मध्येच सोडलं, तसं मला परत नको. "राहणार कुठं, घरचं काय करणार, ते आत्ता सांगा. नाही तर ती जागा मी दुसऱ्याला देतो. मी वाईट माणूस नाही, पण म्हातारा आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. खाली टेबलाच्या पायाकडं बघत राहिली. तिला मला कोंडीत पकडायचं नव्हतं, हे मला कळत होतं. दोन वर्षं वाचलेलं सगळं त्या टेबलाच्या पायापाशी येऊन थांबलं होतं.

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर विजेचा खांब होता. मी तारा मोजल्या. चार होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या गल्लीत थ्री फेज हाय का?"

"काय?" साहेब म्हणाले.

तिनं मान वर केली. "ते गिरणीचं विचारून राहिलेत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला की साहेबांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

थ्री फेज होती.

लातूरची गिरणी उतरवली. मोटर, पट्टा, दगड, सगळं ट्रकमध्ये घातलं. आई भावाकडं शिरूर अनंतपाळला गेली. जाताना म्हणाली, "लोक बायकोला गिरणीवर आणतात. तू गिरणी बायकोमागं नेऊन राहिला." रागानं म्हणाली का कौतुकानं, ते तिलाच माहीत. पण पोहोचल्यावर तिनं त्या गावात सगळ्यांना सांगितलं, माझी सून नांदेडला साहेबाच्या हाताखाली आहे.

सीए काही ती झाली नाही. हेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. तीन वर्षं पुरी केली, मधली परीक्षा काढली. शेवटच्या परीक्षेतला एक भाग राहिला तो राहिलाच. साहेबांनी तिला कचेरीतच ठेवून घेतली, आणि त्यांच्या मागं आलेल्यांनीही. केस पांढरे होईपर्यंत ती तिथंच होती. तिला त्याचं वाईट वाटलं असेल तर मला दिसलं नाही. पीठ किती बारीक आलं ते मला चिमटीत कळतं. माणसाचं तसं कळत नाही.

नांदेडला साहेबांच्याच गल्लीत गिरणी सुरू केली त्या पहिल्या सकाळचं मात्र मला स्वच्छ आठवतं. मी घरची मूठभर ज्वारी दगडात टाकली. एक बाई गहू घेऊन आली. मी डबा घेतला आणि विचार न करता उजवीकडं ठेवला. ही जेवणाचा डबा आणि पिशवी घेऊन कचेरीला निघाली होती, दारात थांबली.

"आता कुठंही ठेवा," म्हणाली. "माझा हात बसला."

मी म्हटलं, "माझाबी बसला."

ती कचेरीचा जिना चढून गेली. मी गिरणी चालू केली.

गिरणी आता भाड्यानं दिली आहे. घेणारा तरुण माणूस, देगलूरकडचा, कामाला चोख. तो दळण डावीकडं ठेवतो. मी काही सांगत नाही, त्याची गिरणी, त्याचा हात. सकाळी जाऊन कोपऱ्यात पोत्यावर बसतो, लाईट गेली की चहा सांगतो. लाईट आता फार जात नाही.

दगडाचं मात्र तेवढं राहिलं. टाकी फायद्यात का नुकसानीत. मी परत विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहून ते निघालंच नाही. परवा त्या माणसानं दगड उतरवला आणि छिन्नी घेऊन बसला. मी जवळ जाऊन विचारलं, बाबा रे, ही टाकी लिहायची झाली तर कशात लिहायची?

तो म्हणाला, "आजोबा, जरा सरका. उजेड अडून राहिला."